ससाण्यांच्या मळ्यातील सावित्रीबाई

(तृतीय वर्ष कला, इतिहास)

दर वर्षी ३ जानेवारीला आपल्या महाविद्यालयात सावित्रीबाई फुले यांच्या प्रतिमेला हार घातला जातो. भाषणे होतात. १८४८ सालची पुण्यातील भिडेवाड्याची शाळा, रस्त्यात अंगावर पडणारे शेण, पिशवीत बरोबर नेलेले दुसरे लुगडे, हे सारे वक्ते रंगवून सांगतात आणि ते सांगायलाच हवे. वेळ संपत आली, की शेवटच्या एका वाक्यात सावित्रीबाई प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता जातात, टाळ्या होतात आणि आपण चहाला निघतो. गेली तीन वर्षे मी हे वाक्य ऐकते आहे. सहासष्ट वर्षांची एक बाई साथीच्या ऐन भरात दवाखाना काढते, ही गोष्ट एका वाक्यात कशी मावते? दवाखाना काढणे म्हणजे काय काय करणे असते? रुग्ण कुठे ठेवायचा, त्याला कोणी शिवायचे, शिवल्यावर हात कशाने धुवायचे, त्याच्या कपड्यांचे काय करायचे, हे प्रश्न तिथे पहिल्या दिवसापासून उभे राहतात. त्या एका वाक्याच्या आत शिरून पाहावे, एवढ्याच हेतूने हा लेख लिहीत आहे. बाकीचे चरित्र वाचकांना ठाऊक आहे असे धरून ते भरभर सांगते.

सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यातील नायगावचा. वडील खंडोजी नेवसे पाटील. १८४० साली, वयाच्या नवव्या वर्षी, जोतीरावांशी लग्न झाले तेव्हा जोतीराव तेरा वर्षांचे होते. अक्षरओळख सासरी झाली, शिक्षिकेचे शिक्षण पुढे झाले आणि १८४८ मध्ये त्या मुलींच्या शाळेत शिकवू लागल्या. घर सोडावे लागले. १८५४ साली त्यांचा 'काव्यफुले' हा संग्रह प्रसिद्ध झाला. १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापन झाला आणि १८७६-७७ च्या दुष्काळात समाजाने चालविलेल्या अन्नछत्रांच्या कामात त्या जुन्नर भागात फिरत होत्या. एवढ्यावरही एखादे मोठे पुस्तक होईल. परंतु माझ्या विषयाचा धागा या साऱ्याच्या मधूनच निघतो. तो निघतो फुल्यांच्या राहत्या घरातून.

१८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाई यांनी आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. वाकडे पाऊल पडलेल्या किंवा फसवल्या गेलेल्या विधवांनी गुपचूप यावे, बाळंत व्हावे, मूल हवे तर न्यावे, नको तर ठेवून जावे, अशी ही सोय होती. त्या काळी पुण्यात अशी बातमी फुटणे म्हणजे काय, हे सांगण्याची गरज नाही. आपण या गृहाकडे नेहमी समाजसुधारणेचे पाऊल म्हणून पाहतो. मी त्याकडे थोडे वेगळे पाहते. ते एक सूतिकागृह होते. घरातल्या खोल्यांत बाळंतपणे होत होती, आणि आल्यागेल्या बाईचे पाणी तापवण्यापासून बाळाला अंघोळ घालण्यापर्यंतचे काम घरच्या मालकिणीवर होते.

जोतीरावांनी १८८४ साली सरकारकडे पाठवलेल्या आपल्या अभिप्रायात या गृहाचा हिशोब दिला आहे. तोपर्यंत पस्तीस विधवा तेथे बाळंत झाल्या होत्या आणि त्यांच्या मुलांपैकी पाच जगली होती. पस्तिसातली पाच! हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा छपाईची चूक असावी असे वाटले. पण जोतीरावांनी कारणही दिले आहे. गरोदरपण लपवण्यासाठी या बायकांनी आधीच विषारी औषधे घेतलेली असत आणि पोटातल्या गर्भाला इजा झालेली असे. एकवीस वर्षे हे दोघे हे काम करीत होते, आणि दर सात मुलांमागे सहा मुले त्यांच्या डोळ्यांदेखत जात होती. शेण अंगावर झेलण्यापेक्षा हे सोसणे मला अधिक कठीण वाटते. शेण लुगडे बदलले की जाते.

त्या काळातल्या बाळंतपणाची पार्श्वभूमी येथे थोडी सांगायला हवी. सावित्रीबाईंनी शाळेत शिकवायला सुरुवात केली त्याच्या आदल्याच वर्षी, १८४७ मध्ये, व्हिएन्ना शहरातील एका रुग्णालयात इग्नाझ सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरने एक साधी गोष्ट ताडली होती. प्रेते फाडून आलेले डॉक्टर व विद्यार्थी तसेच बाळंतिणीला तपासत आणि त्या वॉर्डात बाळंतज्वराने बायका भराभर मरत. शेजारच्या, सुइणींच्या वॉर्डात मृत्यू पुष्कळच कमी होते. त्याने क्लोरीनच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली आणि मृत्यू झपाट्याने उतरले. डॉक्टर मंडळींना मात्र आपल्या हातांनी रोगी मरतो हे मानवले नाही. सेमेलवाइस १८६५ साली वेड्यांच्या इस्पितळात मेला, आणि १८६७ मध्ये जोसेफ लिस्टरने कार्बोलिक ॲसिड वापरून जखमा निर्जंतुक ठेवण्याची पद्धत प्रसिद्ध केली. म्हणजे पुण्यात फुल्यांचे गृह सुरू झाले तेव्हा युरोपातल्या नामांकित रुग्णालयांतही हात धुण्याविषयी एकमत नव्हते.

आपल्याकडे बाळाची नाळ विळ्याने, कोयत्याच्या टोकाने किंवा हाताशी सापडेल त्या पात्याने कापत. त्यावर राख लावत, कुठे शेणही लावत. बाळाला धनुर्वात व्हायचा तो यातून. तो साधारण चौथ्या दिवसापासून पुढच्या आठवड्या-दीड आठवड्यात दिसतो. बाळ दूध ओढेनासे होते, अंग ताठ होते. पाचवी पुजण्याची आणि सटवाईला भिण्याची चाल याच दिवसांच्या अनुभवातून आली असावी असे मला आपले वाटते. आज आशाताईंना आणि दाईंना पाच स्वच्छता शिकवतात : हात स्वच्छ, बाळंतपणाची जागा स्वच्छ, पाते स्वच्छ, नाळ बांधायचा दोरा स्वच्छ आणि कापलेली नाळ स्वच्छ, म्हणजे तिच्यावर काही चोपडायचे नाही. आईला धनुर्वाताची लस टोचतात ती निराळी. एवढ्यावर आपल्या देशातून बाळंतिणींचा आणि नवजात बाळांचा धनुर्वात जवळजवळ नाहीसा झाला. २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेने तसे मान्य केले. पाचातल्या चार गोष्टींना साबण, उकळते पाणी आणि शहाणपण याखेरीज काही लागत नाही.

या गृहात काशीबाई नावाची एक विधवा आली, तिला मुलगा झाला आणि सावित्रीबाईंनी तो दत्तक घेतला. हाच यशवंत. जगलेल्या मुलांपैकी हा एक. सावित्रीबाईंनी त्याला डॉक्टर केले. चरित्रकार याला योगायोग म्हणून सोडून देतात, पण ज्या घरात इतकी मुले हाती लागून गेली, त्या घराने वाचलेल्या मुलाला वैद्यकाकडे पाठवले यात योगायोग कसला?

१८८८ साली जोतीरावांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवे अंग गेले. डॉ. विश्राम रामजी घोले यांनी उपचार केले. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची सेवा ज्यांनी घरात केली आहे त्यांना तिचे कष्ट वेगळे सांगायला नकोत : कूस बदलणे, पाठीला व्रण होऊ न देणे, रोजचे धुणे. या काळात जोतीरावांनी डाव्या हाताने 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' लिहून पुरे केले. तो डावा हात कागदापर्यंत पोचण्याआधी रोज सकाळी कोणाचे दोन हात राबत असतील, याचा उल्लेख पुस्तकाच्या मुखपृष्ठावर असत नाही. २८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव गेले. अंत्ययात्रेत टिटवे कोणी धरायचे यावरून भाऊबंदांनी वाद काढला तेव्हा सावित्रीबाईंनी स्वतः पुढे होऊन ते धरले. यशवंताचे लग्न १८८९ साली हडपसरच्या ज्ञानोबा कृष्णाजी ससाणे यांच्या मुलीशी झाले होते. ती सून १८९५ मध्येच वारली. ससाणे हे आडनाव वाचकांनी लक्षात ठेवावे.

आता प्लेगकडे येते.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचा रोगी ओळखला. या रोगाचा जंतू दोनच वर्षांपूर्वी, १८९४ मध्ये, हाँगकाँगला येर्सिनने शोधला होता. जंतू सापडला होता, पण तो माणसापर्यंत येतो कसा हे कोणाला ठाऊक नव्हते. घाणीतून येतो, हवेतून येतो, जमिनीतून येतो, धान्याच्या पोत्यांतून येतो, असे सगळे तर्क चालले होते. मुंबईत गटारे धुतली, घरांवर चुना मारला, कार्बोलिकचे पाणी ओतले. घरे उघडी पाडून धुतली की उंदीर शेजारच्या घरात पळत. खरे वाहन उंदरावरची पिसू होते, आणि ती उंदीर मेला की थंड पडलेले अंग सोडून दुसरे ऊबदार अंग शोधते. हे पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरने १८९८ साली कराचीला प्रयोग करून दाखवले. सावित्रीबाईंना त्याचा उपयोग नव्हता. त्या एक वर्ष आधी गेल्या होत्या.

मुंबईहून माणसे गावोगाव पांगली, तसा रोगही पांगला. पुण्यात तो १८९६ सरता सरता आला आणि नव्या वर्षाच्या पहिल्या दोन महिन्यांत भडकला. आपल्या नाशिक जिल्ह्यात त्याने पुढे काय केले याची एक खूण सर्वांना माहीत आहे : १८९९ साली भगूरला सावरकर बंधूंचे वडील दामोदरपंत प्लेगने गेले. चांदवड तर मुंबई-आग्रा रस्त्यावरचे गाव, आणि मनमाडचे जंक्शन हाकेच्या अंतरावर. रस्ता आणि रेल्वे जिथून जाते तिथे साथीला वेगळे आमंत्रण लागत नाही. माझी आजी तिच्या सासूकडून ऐकलेले सांगायची. घरात उंदीर पडायला लागले, की भांडीकुंडी गाडीत घालून सारे गाव शेतात जाऊन राही. पाचटाच्या झोपड्या घालत, आणि पाऊस लागेपर्यंत गावात कोणी परतत नसे. का जायचे, हे कोणी समजावले नव्हते. उंदरांना गावात सोडून माणसांनी निघून जाणे हा त्या काळी उपलब्ध असलेला सर्वांत चांगला उपाय होता, हे शास्त्राला नंतर उमगले.

सत्यशोधक मंडळींना या साथीचा पहिला मोठा घाव मुंबईत बसला. 'दीनबंधु'चे संपादक आणि गिरणी कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे प्लेगच्या रोग्यांसाठी झटत होते. ९ फेब्रुवारी १८९७ रोजी ते स्वतःच प्लेगने गेले. जवळचा कार्यकर्ता रुग्णसेवेत दगावला म्हणजे काय होते ते पुण्यात सावित्रीबाईंच्या समोर होते. म्हणून त्यांचे पुढचे पाऊल भाबडेपणाचे नव्हते असे मी म्हणते. यशवंत त्या वेळी लष्करात डॉक्टर होता. त्यांनी त्याला बोलावून घेतले आणि मायलेकांनी हडपसरला ससाण्यांच्या मळ्यात प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना उघडला.

मळ्यात! ही निवड मला फार महत्त्वाची वाटते. पुण्याच्या पेठांतल्या वाड्यांत खोल्या अंधाऱ्या, माळे धान्याने भरलेले, भिंती मातीच्या आणि उंदरांना मोकळे रान. हडपसर शहराबाहेर पूर्वेला, सोलापूरच्या रस्त्यावर. व्याह्यांचा मळा, म्हणजे जागेसाठी कोणाच्या दारात जायला नको. उघडे रान, वारा, ऊन, विहिरीचे पाणी, आणि रोगी गावापासून वेगळा. त्या काळच्या समजुतीप्रमाणे त्यांनी हे मोकळ्या हवेसाठी केले असणार. पण नकळत त्यांनी रोग्याला उंदीर-पिसवांच्या घरातून बाहेर काढले होते. ज्याला आज विलगीकरण म्हणतात ते त्यांनी केले, आणि सोबत डॉक्टर ठेवला. सेवाभाव अनेकांपाशी असतो. सेवेसाठी जागा, पाणी आणि जाणकार माणूस जमवणे याला व्यवस्था लागते, आणि ती उभारण्याची सवय या बाईला पन्नास वर्षांची होती. आपण चांदवडकर रोज रंगमहालाच्या सावलीतून जातो. अहिल्याबाई होळकरांच्या विहिरी, घाट आणि वाटा पाहताना आपल्याला कळते, की त्या बाईने पुण्यकर्माला आधी गवंडी आणि पाथरवट लावले होते. सावित्रीबाई याच जातीच्या. फक्त त्यांच्यापाशी राज्य नव्हते, सोयऱ्याचा मळा होता.

मळ्यातल्या उपचारांना मर्यादा होत्या. प्लेगवर औषधच नव्हते. स्ट्रेप्टोमायसिन यायला अजून जवळजवळ पन्नास वर्षे होती. मुंबईत वाल्देमार हाफकिन यांनी लस तयार करून १० जानेवारी १८९७ रोजी स्वतःला टोचून घेतली होती; ती लोकांपर्यंत पोचायची होती. रोग्याला पाणी पाजणे, ताप उतरवणे, काखेतली किंवा जांघेतली गाठ पिकून फुटली तर ती धुणे व बांधणे, बडबडत उठून पळणाऱ्याला धरून ठेवणे, एवढेच हाती होते. गाठीच्या प्लेगात काही रोगी नुसत्या शुश्रूषेवर वाचत. म्हणजे सारा भार हातांवर, आणि धोकाही हातांनाच. रोग्याच्या कपड्यांत पिसवा असत. फुटलेल्या गाठीचा पू बोटावरच्या चिरेतून आत जाऊ शके. प्लेग फुप्फुसात उतरला असेल तर रोग्याच्या खोकल्यातून तो थेट समोरच्याच्या श्वासात जाई. फुप्फुसांच्या प्लेगचे नीट वर्णन याच साथीत मुंबईला झाले. रबरी हातमोजे अमेरिकेत एका शस्त्रक्रियागृहात १८९० च्या सुमारास आले होते, आणि शस्त्रक्रियेच्या वेळी तोंडावर मलमलीची पट्टी बांधण्याची सुरुवात युरोपात नेमकी १८९७ मध्येच होत होती. हडपसरच्या मळ्यापासून हे सारे फार दूर होते. लुगड्याचा पदर नाकावर ओढणे, एवढेच येथे शक्य होते.

मार्चच्या सुरुवातीची गोष्ट. मुंढव्याच्या महारवाड्यात गायकवाड घराण्यातील एका लहान मुलाला प्लेग झाल्याचे सावित्रीबाईंना कळले. मुंढवा हडपसरच्या जवळच. त्या तेथे गेल्या, मुलाला पाठीवर घेतले आणि मळ्यातल्या दवाखान्यात आणले. पोर वाचले असे सांगतात. सावित्रीबाईंना मात्र लागण झाली आणि १० मार्च १८९७ च्या रात्री त्यांचे निधन झाले.

या प्रसंगाची चित्रे आपण पाहतो. पाठीवर मूल, डोक्यावर पदर, मागे तेजोवलय. चित्रकाराचा भाव चांगला आहे, पण चित्र पाहताना मला दोन प्रश्न पडतात. पहिला, त्यांनी मुलाला पाठीवरच का घ्यावे लागले? डोली नव्हती, गाडी नव्हती, की महारवाड्यातले प्लेगचे पोर उचलायला दुसरा कोणी पुढे आला नाही? त्या काळी प्लेगच्या रोग्याला घरचेही शिवायला भीत, आणि महाराच्या मुलाला तर गाव निरोगी असतानाही शिवत नव्हते. दोन विटाळ एकत्र आले होते; एक खरा, एक खोटा. खऱ्या विटाळापासून जपायचे आणि खोटा झुगारून द्यायचा, ही कसरत सावित्रीबाईंना एकाच क्षणी करायची होती, आणि खोटा झुगारताना खऱ्याने गाठले. दुसरा प्रश्न असा, की सहासष्ट वर्षांच्या बाईच्या मानेशी तापाने फणफणलेल्या मुलाचे तोंड टेकलेले, त्याचे अंथरूण-पांघरूण अंगाशी, असे काही अंतर चालून गेल्यावर संसर्ग टळणार कसा? पिसू आणि श्वास दोन्ही त्या एका वाटेवर होते. आज प्लेगचा संशयित रोगी असा आणला, तर आणणाऱ्याला मास्क, झगा व हातमोजे देतात, रोग्याच्या तोंडाला मास्क बांधतात, कपडे वेगळे काढतात, आणि जवळ आलेल्या प्रत्येकाला सात दिवस डॉक्सीसायक्लीनच्या गोळ्या देतात. रोग्याला वेळेत औषध सुरू झाले की बहुतेक वेळा तोही वाचतो आणि आणणाराही.

येथे थोडे घरचे सांगते. माझी थोरली बहीण नर्स आहे. २०२० साली ती एका खाजगी रुग्णालयात होती. गावाचे आणि रुग्णालयाचे नाव लिहीत नाही. एप्रिलमध्ये मालेगावात कोरोनाचा कहर झाला आणि आमच्या घरची झोप उडाली. तिच्या रुग्णालयात नर्सना सुरुवातीला आठवड्याला एक मास्क मिळे. तो कागदी पाकिटात घालून, पाकिटावर स्वतःचे नाव लिहून, दुसऱ्या दिवशी तोच वापरायचा. हातमोजे मोजून देत. साबण मात्र होता, आणि तिच्या हातांची कातडी धुऊन धुऊन सोलली होती. ती सुटीला आली की गोठ्याजवळ अंघोळ करी, कपडे उकळत्या पाण्यात टाकी आणि ओसरीवर वेगळी जेवे. त्याच महिन्यांत लोकांनी थाळ्या वाजवल्या, त्यांना सेवेच्या देवी म्हटले. तिला त्याचे काही वाटले नाही. तिला आणखी चार मास्क हवे होते. तेव्हापासून रुग्णसेवेतल्या मृत्यूला नुसते हौतात्म्य म्हणणे मला खटकते. त्यात एक सोय असते. एकदा देवी म्हटले, की तिला हातमोजे देण्याची जबाबदारी कोणावर राहत नाही.

ज्यांना ही अतिशयोक्ती वाटेल त्यांनी मांचुरियातली हकीकत पाहावी. १९१०-११ च्या हिवाळ्यात तेथे फुप्फुसांचा प्लेग पसरला. वू लिएन-तेह नावाच्या तरुण चिनी डॉक्टरने ओळखले, की हा रोग उंदीर-पिसवांवाचून माणसाच्या श्वासातून माणसाला होत आहे. त्याने कापूस आणि मलमलीचे जाड मास्क करून सर्व सेवकांना बांधायला लावले. मेनी नावाच्या अनुभवी फ्रेंच डॉक्टरला हे पटले नाही. तो मास्कवाचून रुग्णालयात गेला आणि थोड्याच दिवसांत प्लेगने मेला. मग सगळे मास्क बांधू लागले. मेनीचे धैर्य कमी नव्हते. धैर्य आणि मलमलीचा तुकडा या दोन वेगळ्या वस्तू आहेत, आणि जंतूला त्यातली एकच अडवते. सावित्रीबाईंकडे पहिली होती. दुसरीचे महत्त्व त्या काळात त्यांना सांगू शकेल असा माणूस जवळपास नव्हता. आज रुग्णालयात काम करणाऱ्या आयाबाईला, वॉर्डबॉयला, सफाई कामगाराला ती न देणाऱ्याला मात्र अशी सबब नाही. साथ येते तेव्हा आपण डॉक्टरांची आठवण काढतो, पण रक्ताने भरलेली चादर कोण उचलते, सुया कोण गोळा करते, हेही पाहिले पाहिजे. पुष्कळ ठिकाणी ते काम आजही त्याच वस्त्यांतली माणसे करतात, जेथून सावित्रीबाईंनी ते पोर उचलून आणले.

सावित्रीबाई गेल्या त्याच आठवड्यात पुण्याचा इतिहास वेगळ्या वळणाला लागला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोगांचा कायदा झाला होता आणि मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात रँडच्या प्लेग कमिटीचे काम सुरू झाले. गोरे सोजीर घराघरांत शिरून झडत्या घेऊ लागले. रोगी आणि संशयित उचलून नेले जात, सामान जाळले जाई, बायकांची तपासणी होई. उपाय पुष्कळसा तोच होता, म्हणजे रोग्याला वेगळा करणे. पण लोक रोगी लपवू लागले, प्रेते घरात पुरू लागले. प्लेगच्या इस्पितळांतल्या स्त्रियांच्या सुरक्षिततेबद्दल पंडिता रमाबाईंनी जाहीर पत्र लिहून आवाज उठवला. २२ जून रोजी चाफेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. पुढचा भाग आपण पाठ्यपुस्तकात शिकतो. मला त्यात एवढेच नोंदवायचे आहे, की विलगीकरण दोन तऱ्हांनी होऊ शकते आणि पुण्याने ती दोन्ही एकाच महिन्यात पाहिली. एकात सोजीर दार फोडून रोग्याला नेतो. दुसऱ्यात ओळखीची म्हातारी बाई दाराशी येते, खाली वाकते आणि मुलाला पाठीवर घेते. दुसऱ्या तऱ्हेत रोगी लपवला जात नाही, आणि साथ आवरण्याच्या दृष्टीने ही लहान गोष्ट नव्हे. १९९४ साली बीड जिल्ह्यातील मामला गावी गाठीचा प्लेग आढळला, पाठोपाठ सुरतेला फुप्फुसाच्या प्लेगची बातमी फुटली, आणि काही दिवसांत लाखो माणसे सुरत सोडून पळाली. पुष्कळ खाजगी डॉक्टरांनीही दवाखाने बंद केले. औषधे त्या वेळी दुकानात होती. भरवसा नव्हता.

आईच्या मागे यशवंत राहिला. डॉक्टर असल्यामुळे पुढची प्रत्येक साथ त्याच्या दारावरून जाणारच होती, आणि त्या वर्षांत प्लेग दर हिवाळ्यात परत येई. एकट्या हिंदुस्थानात या रोगाने दोन-तीन दशकांत एक कोटीहून अधिक माणसे नेली. १९०५ साली सरकारने नेमलेल्या शास्त्रज्ञांनी मुंबईत परळच्या प्रयोगशाळेत कसून काम सुरू केले. त्यांनी खोल्यांत गिनीपिगचे पिंजरे ठेवले. काही जमिनीलगत, काही उंच टांगलेले. जमिनीजवळचे प्राणी प्लेगने मेले. उंच टांगलेले वाचले, कारण पिसू तेवढी उडी मारू शकत नाही. सिमोंचे म्हणणे त्यामुळे सर्वांना मान्य करावे लागले. त्याच वर्षी ऑक्टोबर महिन्यात डॉ. यशवंत जोतीराव फुले प्लेगच्या रोग्यांवर उपचार करीत असताना प्लेग होऊन वारले.